डार्सीला कुणी विचारलं होतं का?

काही प्रेमकथा आपल्याला पाठ असतात. कोण कुणाला कधी भेटणार, कुठे बिनसणार, शेवटी कसं जुळणार, सगळं. तरी तीच गोष्ट नायकाच्या बाजूने पुन्हा लिहिलेली दिसली की मी ती वाचते. घरातून "अगं, शेवट माहीत आहे ना तुला?" असं येतंच. माहीत आहे की! म्हणून तर मजा.

सध्याचं निमित्त पामेला एडनची डार्सीवरची तीन पुस्तकं, २००३ ते २००५ दरम्यान आलेली. डार्सी म्हणजे जेन ऑस्टिनच्या १८१३च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीचा नायक. त्या कादंबरीत आपण जवळजवळ सगळं नायिका एलिझाबेथच्या नजरेने बघतो. डार्सी येतो, नाक वर करून उभा राहतो, काहीतरी खोचक बोलतो आणि जातो. मध्ये कित्येक महिने तर गायबच असतो. शिवाय बायका नसताना पुरुष आपसात काय बोलतात, हे जेन ऑस्टिन जवळजवळ लिहीतच नाही. म्हणजे नायकाचं अर्धं आयुष्य पडद्यामागे. बीबीसीच्या १९९५च्या मालिकेने त्याला तलवारबाजी करताना, तळ्यात सूर मारताना दाखवलं आणि जग वेडं झालं. पण ते बाहेरून बघणं झालं. डोक्यात काय चाललंय ते राहिलंच.

नेदरफील्डचा, म्हणजे डार्सीचा मित्र बिंग्ली याच्या घरचा, तो शनिवार आठवा. थोरली बहीण जेन आजारी म्हणून एलिझाबेथ तिथे राहिलेली. आपल्याला ही मुलगी आवडायला लागली आहे, हे डार्सीच्या लक्षात आलेलं आणि त्याने ठरवलेलं, आता हिला सुगावा लागू द्यायचा नाही. अर्धा तास दोघंच एका खोलीत असतात आणि तो पुस्तकातून मान वर काढत नाही. ऑस्टिनने हे एका वाक्यात उरकलंय. तो अर्धा तास एडनबाई सावकाश उलगडतात. समोर पुस्तक उघडं, डोळे ओळीवर आणि कान मात्र तिच्या प्रत्येक हालचालीकडे. पुढे तिने मिल्टनच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलेले भरतकामाचे धागे हा दहा हजार पौंड उत्पन्नाचा जमीनदार गुपचूप खिशात घालतो. ते वाचताना मी एकटीच हसत होते.

आणि मग हन्सफर्डची मागणी, एलिझाबेथ तिथे मैत्रिणीकडे राहायला गेलेली असताना डार्सीने घातलेली. इथे नायकाची बाजू खरी कामाला येते. मूळ कादंबरीत आपण एलिझाबेथसारखेच थक्क होतो, हा माणूस आणि मागणी घालतोय? पण डार्सीच्या डोक्यात शिरून तिकडे जायचं म्हणजे फार वेगळा प्रकार आहे. त्याला वाटतंय, ती वाटच बघत असणार. शेवटच्या भेटीत तो तसं कबूलही करतो. आपल्याला मात्र माहीत आहे की त्याच दिवशी डार्सीच्या चुलतभावाने, कर्नल फिट्झविल्यमने, एलिझाबेथला बोलता बोलता सांगून टाकलंय, डार्सीने एका मित्राला नको त्या लग्नातून वाचवलं म्हणे. तो मित्र म्हणजे बिंग्ली आणि ते लग्न जेनशी, हे तिने ताडलंय. डोकं ठणकतंय म्हणून ती घरीच थांबलीय, जेनची जुनी पत्रं काढून बसलीय. आणि हा गृहस्थ मनातल्या मनात वाक्यं जुळवत येतोय! तुमचं घराणं कसं हलकं, तरी मी कसा मन मोठं करून... अरे बाबा, परत फीर, असं ओरडावंसं वाटतं.

माझ्या मते नायकाच्या बाजूने लिहिलेली गोष्ट तेव्हाच जमते, जेव्हा लेखक नायकाला चुकू देतो. "तुम्ही सभ्य गृहस्थासारखे वागला असतात तर" हे मागणी नाकारतानाचे एलिझाबेथचे शब्द पुढे कित्येक महिने डार्सीला छळतात. ते छळणं आतून दाखवायचं सोडून "तो मुळात बिचारा लाजाळू होता हो" अशी वकिली सुरू झाली, की मी पुस्तक मिटते. अशा वकिलीची पुस्तकं ढिगाने आहेत. नायकाला आधीच निर्दोष सोडायचं असेल तर खटला उभा कशाला करायचा?

आपल्याला हे नवीन नाही म्हणा. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात. ययाती स्वतःबद्दल बोलताना स्वतःची वासना झाकत नाही, म्हणून तर त्याच्यावर राग येतो आणि विश्वासही बसतो.

'ट्वायलाइट' या रक्तपिपासू व्हॅम्पायरच्या प्रेमकथेतला नायक एडवर्ड याची बाजू सांगणारं 'मिडनाइट सन' हे याचं दुसरं टोक. २००८मध्ये अर्धवट मसुदा फुटला, लेखिकेने काम बाजूला ठेवलं आणि पुस्तक आलं थेट २०२०मध्ये. एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, फक्त नायिका बेलाचं नाही. ही कल्पना नायकाच्या बाजूसाठीच जन्मल्यासारखी आहे. पण त्याचं ते आत्मपीडन इतकं लांबतं, इतकं लांबतं, की शेवटी मी पानं चाळायला लागले.

एडनबाईंचंही सगळं गोड लागलं असं नाही. दुसऱ्या पुस्तकात ('ड्यूटी अँड डिझायर') मूळ कथेत डार्सी गायब असतो तो काळ भरून काढायचा म्हणून त्याला एका जुनाट वाड्यात पाठवलंय. तिथे जादूटोण्याचा संशय, भयकथेचा मसाला. एलिझाबेथ नाही, तिच्याशी वाद नाही, मग आम्ही काय वाड्याच्या भिंती बघायच्या? एक फ्लेचर तेवढा तारून नेतो. हा डार्सीचा खास नोकर, गळपट्ट्याच्या गाठी बांधण्यात उस्ताद आणि ऊठसूट शेक्सपिअर तोंडावर फेकणारा.

तिसरं पुस्तक मात्र फार आवडलं. एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया विकहॅम नावाच्या लफंग्या अधिकाऱ्याबरोबर पळून जाते. त्या दोघांचा शोध मूळ कादंबरीत आपल्याला एलिझाबेथच्या मामीच्या, मिसेस गार्डिनरच्या, पत्रातूनच कळतो. डार्सीने लंडनमध्ये त्यांना हुडकलं, विकहॅमचं हजार पौंडांवरचं कर्ज फेडलं, लिडियाच्या नावे आणखी हजार केले, त्याला लष्करातली जागा विकत घेऊन दिली. पत्रात हा नुसता हिशोब वाटतो. इथे तो माणूस त्याच विकहॅमसमोर बसून घासाघीस करतो, ज्याने त्याच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला पळवून न्यायचा बेत केला होता. आणि वर अट अशी, की एलिझाबेथला यातलं काही कळता कामा नये.

वाचायचं असेल तर पहिलं निवांत वाचा, दुसरं फ्लेचरपुरतं चाळा. तिसरं मात्र रात्री झोपायच्या वेळी हातात घेऊ नका.