घरचे व्हिडिओ, घरचा टीव्ही: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

घरचे फोटो आणि जुने व्हिडिओ स्वतःच्याच कॉम्प्युटरवर ठेवून जेलीफिनमार्फत (कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ टीव्हीला पुरवणारं सॉफ्टवेअर) हॉलमधल्या टीव्हीवर कसे लावायचे, यावरचा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आता सगळेच टीव्ही स्मार्ट आहेत, यूट्यूब त्यात असतंच, घरचे व्हिडिओ तिथे ‘अनलिस्टेड’ (म्हणजे शोधून न सापडणारे, लिंक असेल त्यालाच दिसणारे) टाकले की काम झालं. सर्व्हर (म्हणजे घरात व्हिडिओ पुरवणारा कॉम्प्युटर) वगैरे उपद्व्याप कॉम्प्युटरवाल्यांचे, तुमच्या सत्तरीच्या आईला ते झेपणार नाहीत. आणि असले सर्व्हर लोक शेवटी चोरीचे सिनेमे बघायलाच लावतात. जाता जाता तुम्ही असंही विचारलंत की ताईच्या लग्नाच्या सीड्या कपाटात पडून आहेत, त्या बघतं कोण? मला सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य, म्हणून उत्तर लांबलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मालिका, क्रिकेट, कीर्तनं, रेसिपी हे बघायला टीव्हीतली ॲप्स उत्तमच आहेत आणि आमच्याकडेही रोज तीच चालतात. माझा आग्रह फक्त घरच्या ऐवजापुरता आहे. जे आपलं आहे ते आपल्या टीव्हीवर लावायला मधे कुठल्याही कंपनीची मर्जी लागू नये, एवढंच माझं म्हणणं.

टीव्हीचा पडदा दहा-बारा वर्षं सहज चालतो, त्यातला स्मार्टपणा तेवढा टिकत नाही. एप्रिल २०१५ मध्ये यूट्यूबने आपली जुनी यंत्रणा बंद केली आणि २०१२ पर्यंतच्या बऱ्याच टीव्हींवरचं यूट्यूब थांबलं. डिसेंबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या २०१०-११ च्या काही टीव्हींवरून नेटफ्लिक्स गेलं. टीव्ही धडधाकट होते, पडद्याला ओरखडासुद्धा नव्हता.

फोनवरून कास्ट करण्याचंही, म्हणजे फोनवर निवडलेला व्हिडिओ टीव्हीवर लावण्याचंही, तसंच. पुष्कळांना वाटतं की व्हिडिओ फोनमधून टीव्हीवर जातो. यूट्यूबसारख्या ॲपमधून कास्ट करताना फोन डोंगलला (टीव्हीला मागे जोडायच्या छोट्या उपकरणाला) फक्त व्हिडिओचा पत्ता देतो, आणि डोंगल तो स्वतः इंटरनेटवरून ओढून घेतं. म्हणूनच फोन खिशात टाकला तरी चित्र चालू राहतं. पण त्याआधी फोन त्या डोंगलची ओळख डिजिटल प्रमाणपत्रावरून तपासून घेतो. मार्च २०२५ मध्ये २०१५ च्या क्रोमकास्ट या गूगलच्या डोंगलचं असंच एक दहा वर्षांचं प्रमाणपत्र मुदतीबाहेर गेलं आणि जगभरच्या लोकांचं कास्टिंग एकाएकी बंद पडलं. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, हे मान्य. पण तोवर ग्राहकाच्या हातात काहीही नव्हतं.

आता ‘अनलिस्टेड’ची गोष्ट. आपल्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओत शूटिंगवाल्याने गाणी घातलेली असतात. वरात म्हटली की सिनेमातलं गाणं, पाठवणी म्हटली की दुसरं. यूट्यूबची, दुसऱ्याच्या मालकीची गाणी ओळखणारी, कंटेंट आयडी यंत्रणा व्हिडिओ अनलिस्टेड असला तरी तपासते. गाण्याच्या मालकाने तशी अट घातली असेल तर तो व्हिडिओ अडवला जातो, किंवा मग गाण्याचा तुकडा मुका करावा लागतो. पाठवणीत गाण्याखाली आईचा आवाज असेल तर तोही गेला. शिवाय यूट्यूब प्रत्येक व्हिडिओ स्वतःच्या पद्धतीने पुन्हा दाबून ठेवतं, म्हणजे तिथली प्रत मूळ प्रत नव्हेच. गूगल फोटोजचा पर्याय अनेक जण सुचवतात, पण तिथली मोफत अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. हे सगळं ज्याच्या खात्यावर आहे तो पासवर्ड विसरला किंवा देवाघरी गेला, की बाकीचं घर बाहेर.

आता ताईच्या लग्नाच्या सीड्या. त्या काळातल्या असतील तर बहुतेक व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) असणार. व्हीसीडीत ७४ ते ८० मिनिटंच मावतात, म्हणून हळद आणि सीमांतपूजन एका सीडीत, मंगलाष्टकं दुसरीत, पंगत आणि पाठवणी तिसरीत अशी वाटणी असायची. कॉम्प्युटरमध्ये घातल्यावर ‘एमपीईजीएव्ही’ (MPEGAV) नावाचं फोल्डर दिसेल आणि त्यात शेवटी ‘डॅट’ (.DAT) असलेली एक मोठी फाइल. ती व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये थेट चालते. पण कॉपी करायला गेलात की अर्ध्यावर अडकण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यात तुमच्या कॉम्प्युटरचा दोष नसतो. डेटाच्या सीडीत चुका दुरुस्त करायला एक जादा थर असतो. व्हीसीडीत चित्राला जागा मिळावी म्हणून तो थर गाळलेला असतो. जुना प्लेअर ओरखडा आला की चित्र थोडं फाडून पुढे जायचा, कॉम्प्युटर मात्र ‘सायक्लिक रिडन्डन्सी’चा एरर देऊन थांबतो. अशा वेळी आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर वापरा, ते न वाचता येणारा भाग ओलांडून पुढे जातं. एका ड्राइव्हने हात टेकले तर दुसऱ्यात घालून बघा, फरक पडतो. पुसताना गोल न फिरवता मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा. आणि वरची, नाव लिहिलेली बाजू जास्त जपा, कारण माहितीचा थर त्या बाजूला अगदी लगत असतो. बॉलपेनने कोरून लिहिलेल्या ‘चि. सौ. कां.’ ने खालच्या ओरखड्यापेक्षा जास्त नुकसान झालेलं मी पाहिलं आहे.

मिळालेली फाइल आहे तशीच ठेवा. ती मोठी करून घेण्याच्या भानगडीत पडू नका. मूळ चित्रच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आहे, त्यात नवीन तपशील येणार नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचं प्रमाण मात्र ४:३ करा. नाहीतर रुंद पडद्यावर चित्र आडवं ताणलं जातं आणि सगळं वऱ्हाड बुटकं नि जाडं दिसतं. फाइलचं नाव २००३-०५ असं साल-महिन्यापासून सुरू केलंत की यादी आपोआप क्रमाने लागते. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ताईकडेही द्या, कारण घरचा कॉम्प्युटरही कधीतरी बंद पडणारच.

‘बघतं कोण?’ याचं उत्तर मी आमच्या घरात पाहिलं आहे. फोनवर हे व्हिडिओ कोणीच बघत नव्हतं. टीव्हीवर लागले तेव्हा काका रिमोट हातातून सोडेनात. पंगतीच्या दृश्यावर थांबवून, मागे घेऊन, ‘ही जिलबी वाढणारी कोण रे?’ म्हणून विचारायचे. मग काकू सांगायच्या, तिच्यावरून तिच्या माहेरचं निघायचं, आणि ज्यांची नावं आम्हा मुलांना कधी कळलीच नसती अशी माणसं एकामागून एक ओळखीची झाली. फोन एकाच्या हातात असतो. घरातले सगळे एकाच वेळी बोट दाखवून भांडू शकतील असा पडदा घरात टीव्हीचाच. आणि ती नावं सांगणारी माणसं आज आहेत. माझी घाई त्यासाठी आहे.

चोरीच्या सिनेमांबद्दल फार लिहीत नाही. कोडी (असंच एक सॉफ्टवेअर) किंवा जेलीफिन मुळात रिकामी येतात, तुम्ही जे ठेवाल तेच दाखवतात. चोरीचा माल दाखवायची सोय आधीच भरून विकलेले बॉक्स ही वेगळी गोष्ट आहे. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये तसे बॉक्स विकणं म्हणजे कॉपीराइटचा भंग ठरवलं, आणि ते योग्यच झालं. ताईच्या लग्नाच्या सीडीचा त्याच्याशी संबंध नाही.

राहिल्या तुमच्या आई. मांडणी त्यांनी करायचीच नाही, ती तुम्ही करायची, एकदाच. एखादा रविवार जाईल. पडून असलेला जुना लॅपटॉपही सर्व्हर म्हणून पुरतो. व्हीसीडीच्या व्हिडिओला सेकंदाला दीड मेगाबिटसुद्धा लागत नाही, त्यामुळे घरचं साधं वाय-फाय भरपूर झालं. फोनवर काढलेले फोर-के व्हिडिओ मात्र जड असतात, ते अडखळले तर टीव्हीला राउटरची केबल जोडा. हे सगळं घरातल्या घरात चालतं, बाहेरचं इंटरनेट गेलं तरी अडत नाही. आईंसाठी वेगळं प्रोफाइल करा, त्याला पासवर्ड ठेवू नका, आणि फोल्डरांना मराठीतच नावं द्या: ‘ताईचं लग्न’, ‘गावचा गणपती’, ‘नातवंडं’. ॲप टीव्हीच्या पहिल्या ओळीत आणून ठेवा. मग त्यांना बाण आणि ओके एवढीच बटणं लागतात. डोंगल किंवा बॉक्स लावणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा, म्हणजे बहुतेक वेळा नेहमीच्याच रिमोटवर भागतं आणि दुसरा रिमोट शोधत बसावं लागत नाही.

एवढंही नको असेल तर पेन ड्राइव्ह आहेच. गणपतीत गावी जाताना, जिथे नेटवर्कचा भरवसा नाही तिथे, तोच उपयोगी. तो एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट करा. फॅट-३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. फार जुना टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल तर फॅट-३२ च ठेवून मोठ्या फाइलचे तुकडे करावे लागतील. काही जुन्या टीव्हींवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात, तिथे नावं रोमनमध्ये लिहावी लागतात.

तुमच्या टीव्हीची कंपनी आणि साल कळवा. त्यावर जेलीफिनचं ॲप मिळतं, डोंगल घ्यावं लागेल की पेन ड्राइव्हवरच भागवायचं, ते बघून सांगतो. टीव्हीचं ठरेल तेव्हा ठरेल, सीड्या मात्र याच आठवड्यात कॉपी करायला घ्या. कुठली अडकली तर एररचा फोटो इथेच टाका.