गावाकडच्या प्रेमाच्या नाटकात सातबारा कुठे आहे?

जत्रेतलं नाटक असो नाहीतर झाडीपट्टीतला रात्रभराचा प्रयोग, बागायतदाराची मुलगी आणि सालगड्याचा मुलगा अशी जोडी आली की पुढचं ठरलेलं. बाप मिशीवर ताव देतो, घराण्याच्या इज्जतीवर भाषण ठोकतो, भाऊ कुऱ्हाड उचलतो. बापाचा राग सगळे लिहितात, त्याची भीती कुणीच लिहीत नाही.

भीती जमिनीची असते. महाराष्ट्रात १९९४ पासून, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर देशभर, हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. जमीन १२ एकर. आईबाप, भाऊ, बहीण अशी वाटणी झाली तर तिचे ३ एकर. रीतीने लग्न लागलं की दिवाळीला साडीचोळी होते आणि कधीतरी भाऊ तिला गाडीत बसवून रजिस्ट्री ऑफिसात नेतो. हक्कसोडपत्रावर सही, मग तलाठ्याकडे फेरफार, सातबाऱ्यावरून नाव कमी. पळून गेलेली मुलगी ही सही कशाला देईल? आईच्या हातचं जेवण वाढून झाल्यावर कागद पुढे सरकवणारा भाऊ रंगमंचावर आणा. कुऱ्हाडीची गरजच पडणार नाही.

आता मुलाचं घर. साल पाडव्याला ठरतं, पाडवा ते पाडवा. बहिणीच्या लग्नासाठी बापाने उचल घेतलेली, राहायची खोली मालकाच्याच मळ्यातली. पोरगं मार्गशीर्षात पळालं तर साल अर्धवट, उचल अंगावर, खोली गेली, आणि पंचक्रोशीत दुसरा कुणी कामाला ठेवून घेत नाही. म्हणून पहिला विरोध मुलाच्या आईचा व्हायला हवा. नाटकात ती नुसती पदर डोळ्याला लावून उभी असते, याचा मला मनापासून राग येतो.

जात वेगळी असली तर हे सगळं कितीतरी जास्त जीवघेणं होतं. पण एकाच जातीत, अगदी भावकीच्या ओळखीतल्या कोरडवाहू घरातसुद्धा जमिनीची ही भिंत असते. त्यावर फार कमी लिहिलं जातं.

आणि ते कोर्टमॅरेज! दोन सह्या, दोन हार, टाळ्या. विशेष विवाह कायद्याने (१९५४) असं एका दिवसात होत नाही. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला. मग नोटीस द्यायची, ती कार्यालयाच्या फलकावर लागते, आणि पुढचे ३० दिवस कुणीही कायद्यातल्या कारणावर हरकत घेऊ शकतो. दस्त करायला तालुक्याला किंवा जिल्ह्याला आलेला गावातला एखादा माणूस तो फलक वाचतो. संपूर्ण तिसरा अंक या महिन्यात बसतो, तरी लेखक तो गाळून थेट झटपट लग्नांची आळंदी गाठतात.

शिवाय साक्षीदार तीन लागतात. मुलाचा मित्र एक झाला. उरलेले दोघे कोण? त्याच बागायतदाराच्या सोसायटीतून पीककर्ज घेणाऱ्या गावात आपलं नाव आणि पत्ता त्या कागदावर कोण लिहील, हे आधी ठरवा आणि मगच संवाद लिहायला बसा.