फळं खाणाऱ्या वटवाघळांबद्दल थोडं
वटवाघळांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं "सगळी वटवाघळं प्रतिध्वनीवर उडतात", म्हणजे स्वतः काढलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून वाट शोधतात, हे वाक्य दुरुस्त करा प्लीज. आमची द्राक्षबाग दिंडोरीकडे आहे, माल उतरायला आला की रात्री मोठी वटवाघळं येतात, टॉर्च मारला की डोळे तांबूस चमकतात, कोल्ह्यासारखं तोंड, एवढाले डोळे आणि कान साधे. ही बघून आणि वास घेऊन फळ शोधतात, प्रतिध्वनी वापरत नाहीत. याउलट परवा नाशिकच्या घरात एक छोटं किडे खाणारं, म्हणजे प्रतिध्वनीवर उडणारं, शिरलं, चालू पंखा, मच्छरदाणीची दोरी, सगळं चुकवत चार गिरक्या मारून खिडकीतून बाहेर!

आणि लेखात प्रेस्टिनचा उल्लेखच नाही, तो हवा होता. कानाच्या आतल्या केसपेशींमधलं (केसांसारखे बारीक तंतू असलेल्या, ऐकण्याच्या पेशी) हे प्रथिन, विजेचा दाब बदलला की आखडतं आणि लांबतं, सेकंदाला हजारो वेळा, त्यामुळे बारीक आवाज मोठा होतो. आपल्याला 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, काही वटवाघळं 100 च्याही वर. 2010 मध्ये शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी दाखवलं की प्रतिध्वनी वापरणारी वटवाघळं आणि डॉल्फिन यांच्या प्रेस्टिनमध्ये बरेचसे बदल सारखेच झालेत, नुसत्या या प्रथिनाच्या जीनवरून वंशवृक्ष काढला तर दोघं शेजारी येऊन बसतात, नात्याने कुठल्या कुठे असून! गरज एकच म्हणून उत्क्रांती दोनदा त्याच वाटेने गेली. मला तर हे वाचून रात्री झोप लागली नव्हती.

बागेला जाळी लावा, पण फटाके लावून या फळं खाणाऱ्या वटवाघळांना हाकलू नका हो, परागीभवन आणि बिया पसरवायचं कामही तीच करतात.