सात रिस्टार्ट आणि रंकाळा

गेल्या मंगळवारी दुपारी आक्काचा फोन आला. "तुझ्या भाच्यानं शाळेतला कॉम्प्युटर बंद पाडलाय. सरांनी बोलवलंय. मला काय कळतंय त्यातलं, तूच जा." राजारामपुरीतलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान पोराच्या हवाली केलं आणि गेलो. लॅबमध्ये भाचा कोपऱ्यात मान खाली घालून उभा. समोर निळा पडदा आणि त्यावर 'ऑटोमॅटिक रिपेअर'. काय केलंस म्हणून विचारलं तर डोळे पुसत म्हणतो, "मामा, पाचच वेळा केलं. अजून दोन राहिलेत."

हे 'अजून दोन' ज्या मेसेजातून आलं, तो आता माझ्याकडे तीन वेगवेगळ्या लोकांकडून येऊन पडलाय. 'शाळेच्या लॉक केलेल्या कॉम्प्युटरवरून गेमची सेव्ह फाइल १०० टक्के परत मिळवा' असा मथळा, खाली पाच-सहा मुद्दे, शेवटी टेलिग्रामची लिंक आणि दहा ग्रुपमध्ये पाठवायची विनंती. काल तर एका गिऱ्हाइकानं लॅपटॉप टेबलावर ठेवायच्या आधी मोबाइल पुढे केला, "हे जमतंय का बघा." नाही जमत. आणि एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आधी भाच्याचं काय गेलं ते सांगतो, नाहीतर 'गेमच तर आहे' असं म्हणणारे भेटतातच. त्यांच्या लॅबमध्ये सरांनीच लुआंटी नावाचा फुकटचा गेम टाकून दिलाय. पूर्वी त्याला माइनटेस्ट म्हणायचे, २०२४ मध्ये नाव बदललं. ठोकळे रचून जग उभं करायचं. मधल्या सुट्टीत दोघा-तिघांनी मिळून जूनपासून आमचा रंकाळा तलाव बांधायला घेतला होता. संध्यामठ झाला, शालिनी पॅलेसचा मनोरा झाला, राजघाटाच्या पायऱ्या निम्म्या झाल्या. दिवाळीची सुट्टी संपवून पोरं आली तर गेम जागेवर, रंकाळा गायब. त्या दुःखात असताना हा मेसेज हातात पडला. आठवीतलं पोरगं, करणारच.

आता मेसेजातला सगळ्यात भारी मुद्दा. 'विंडोज लागोपाठ ७ वेळा रिस्टार्ट करा. सातव्या वेळी गुप्त बॅकअप मोड उघडतो, त्यात सगळ्या जुन्या फाइली दिसतात.'

यात कणभर खरं आहे, ते नाइलाजानं कबूल करतो. विंडोज सुरू होता होता लागोपाठ दोनदा अडकलं, तर पुढच्या वेळी ते आपणहून दुरुस्तीचा पडदा पुढे आणतं. त्यासाठी सात लागत नाहीत. आणि तो पडदा फाइली दाखवायला नसतो, सुरू न होणारं विंडोज उभं करायला असतो. तिथं 'रिसेट' असंही एक बटण असतं. घाबरलेल्या पोरानं ते दाबून चुकीचा पर्याय निवडला तर होतं नव्हतं तेही साफ. शिवाय साधं रिस्टार्ट कितीही वेळा केलं तरी हा पडदा येत नाही. त्यासाठी मशीन सुरू होत असताना मधेच बटण दाबून धरून बंद करावं लागतं, आणि भाच्यानं नेमकं तेच केलं होतं. डिस्कवर काही लिहिलं जात असताना वीज तोडली तर चांगल्या चालणाऱ्या विंडोजचीही मोडतोड होते.

पण खरी गोम पुढे आहे. बऱ्याच शाळांच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर 'फ्रीज' करून ठेवलेले असतात. फॅरॉनिक्स कंपनीचं डीप फ्रीझ त्यातलं सगळ्यांत ओळखीचं. घड्याळाशेजारी पांढऱ्या अस्वलाचं चित्र दिसलं की समजायचं. त्याचं काम सोपं आहे. तुम्ही दिवसभर जे काही टाकता, बदलता, सेव्ह करता, ते सगळं ते एका बाजूला तात्पुरतं लिहून घेतं. तुम्हाला वाटतं फाइल जागेवर बसली. मशीन रिस्टार्ट झालं की ते तात्पुरतं सगळं टाकून देतं आणि कॉम्प्युटर सरांनी ज्या दिवशी फ्रीज केला त्या दिवसाच्या अवस्थेत उभा राहतो. शाळा सुटल्यावर फळा पुसतात तसं. म्हणजे फ्रीज केलेल्या मशीनवर तुमची फाइल जिवंत असण्याची एकमेव वेळ कुठली, तर रिस्टार्ट करण्याच्या आधीची. आणि हा मेसेज सांगतो काय, तर रिस्टार्ट करा, एकदा नाही, सात वेळा.

सात म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाला राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवतात. पंचगंगा धोक्याच्या पातळीला टेकलेली असताना 'घर वाचवायचंय ना, मग राधानगरीचे सातही दरवाजे उघडा' असं कुणी सांगितलं तर त्याला आपण काय म्हणू? तेच या मेसेज लिहिणाऱ्याला म्हणा. मी इथं लिहीत नाही.

फ्रीज केलेल्या लॅबमध्ये गेम अडकलाच असेल तर मशीन चालू ठेवायचं, कुणालाही बंद करू द्यायचं नाही, सरांना बोलवायचं, आणि त्यांच्या समोर फोल्डर दुसरीकडे कॉपी करून घ्यायचा. बस. समजूतदार लॅबवाले एखादा ड्राइव्ह न गोठवता मोकळा ठेवतात, मुलांची कामं तिथं राहतात. भाच्याच्या लॅबमध्ये डी ड्राइव्ह असाच मोकळा होता, म्हणून तर रंकाळा जूनपासून दिवाळीपर्यंत टिकला.

दुसरा मुद्दा: 'फाइल कधीच डिलीट होत नसते. पेन ड्राइव्हमधून रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा, अ‍ॅडमिन पासवर्ड लागत नाही, १०० टक्के परत येते.'

यावर माझं न ऐकता मायक्रोसॉफ्टचं ऐका. त्यांचं स्वतःचं 'विंडोज फाइल रिकव्हरी' नावाचं साधन आहे, फुकट, २०२० पासून, विंडोज १० च्या '२००४' नावाच्या आवृत्तीपासून (हे वर्ष नव्हे) पुढे चालतं. ज्यांनी विंडोज बनवलं त्यांच्या सूचना काय सांगतात? डिलीट केलेल्या फाइलची जागा 'मोकळी' अशी नोंदवली जाते, मजकूर काही काळ तिथंच असू शकतो, पण कॉम्प्युटरचा कसलाही वापर त्या जागेवर नवीन काहीतरी लिहू शकतो. म्हणून फाइल हवी असेल तर मशीन कमीत कमी वापरा, किंवा वापरूच नका. परत आणलेली फाइल ठेवायला वेगळा ड्राइव्ह लागतो. आणि हे साधन चालवायला अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो, म्हणजे शाळेत सर लागतात. १०० टक्क्यांची हमी खुद्द मायक्रोसॉफ्ट देत नाही. ती देतो कोण, तर टेलिग्रामवरचा कुणीतरी.

हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणारी असेल तर आशा असते. मी स्वतः कितीतरी लग्नाचे फोटो असे काढून दिलेत. एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपची डिस्क असेल तर गोष्ट वेगळी. तिथं ट्रिम नावाची सोय असते, विंडोज ७ पासून. डिलीट झाल्यावर विंडोज एसएसडीला कळवतं की ही जागा आता नको, आणि एसएसडी ती आतून साफ करून टाकते. मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा, पोतंभर शून्य मिळतील.

त्या लिंकवरचं 'प्रो व्हर्जन फुकट' वेगळंच प्रकरण आहे. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर स्टॉप नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, वर्षानुवर्षं पसरत आलंय, त्याचाच एक अवतार म्हणजे डीजेव्हीयू. फोटो, गुणपत्रिका, सगळ्या फाइलींच्या नावापुढे भलतंच शेपूट लागतं आणि एकही उघडत नाही. असे कॉम्प्युटर दुकानात आले की गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघवत नाही. एक गेम परत आणायला जाऊन अख्ख्या लॅबला हे लावायचं?

तिसरा मुद्दा वाचून मात्र डोकंच फिरलं. 'बूट होणारा पेन ड्राइव्ह लावून अ‍ॅडमिन पासवर्ड काढून टाका. काळजी नको, गेम तुमची बौद्धिक संपदा आहे, त्यामुळे हे पूर्ण कायदेशीर आहे.'

रंकाळा भाच्यानं बांधला, तो त्याचा, हे मान्य. कॉम्प्युटर त्याचा कधी झाला? माझी छत्री तुमच्या घरात राहिली म्हणून मी तुमचं कुलूप फोडू शकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ उघडून वाचा. मालकाच्या किंवा ताबा असलेल्या माणसाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं, त्यातली माहिती काढून घेणं, हे सगळं त्यात येतं. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवण्यासाठी केलं तर कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आठवीतल्या पोराला कुणी तुरुंगात टाकत नाही, मला उगाच भीती घालायची नाही. पण 'पूर्ण कायदेशीर' हे शब्द मोठ्या माणसानं लहान पोरांसाठी लिहिलेत, त्याची तरी लाज वाटावी. डिस्क बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजच्याच कुलपानं, बंद असेल तर बाहेरून पेन ड्राइव्ह लावून काही दिसत नाही, हा भाग निराळाच. आणि दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड बाहेरून जबरदस्तीनं बदलला तर त्या खात्यात सांकेतिक करून ठेवलेल्या फाइली आणि साठवलेले पासवर्ड हातचे जाऊ शकतात. म्हणजे सरांच्या निकालाच्या फाइली तुमच्या गेमपायी.

बाकीचे मुद्दे उभ्या उभ्या. फाइलचं नाव बदलून शेवटी वर्डच्या फाइलीसारखं डॉकएक्स लावा म्हणजे पकडली जात नाही, असं मेसेज म्हणतो. नाव बदलल्यानं आतला माल बदलत नाही हे खरं, पण लुआंटीचं जग ही एक फाइल नसतेच. वर्ल्ड्स नावाच्या फोल्डरात प्रत्येक जगाचा एकेक फोल्डर असतो आणि आत नकाशाची फाइल, सेटिंगची फाइल असं सगळं एकत्र लागतं. एकच उचलली तर अर्धवटच हाती येतं. ब्राउझरमधले गेम गुगलच्या क्लाउडवर आपोआप जातात म्हणे. नाही जात. क्रोमच्या सिंकमध्ये बुकमार्क, पासवर्ड, हिस्ट्री असलं जातं. गेमची प्रगती बहुतेक वेळा त्याच कॉम्प्युटरवर, त्याच ब्राउझरच्या, त्याच प्रोफाइलच्या पोटात असते, गेमच्या स्वतःच्या साइटवर खातं काढलं असेल तरच बाहेर. आणि इन्कॉग्निटोत खेळला असाल तर खिडकी बंद केली की राम राम.

'क्रोमबुक पॉवरवॉश केल्यावर फाइली स्वच्छ होऊन परत येतात' यावर तर काय बोलायचं! क्रोमबुक म्हणजे गुगलच्या सिस्टिमवर चालणारा लॅपटॉप, आणि पॉवरवॉश म्हणजे त्यात साठलेलं सगळं पुसून टाकणं. पण या मुद्द्यावरून एक कळलं. त्याच्याच खाली लिहिलंय, 'तुमच्या शाळा जिल्ह्याच्या प्रशासकाला कळू न देता.' शाळा जिल्हा! अमेरिकेत शाळांचा कारभार बघणारे स्कूल डिस्ट्रिक्ट असतात, ते पोरांना क्रोमबुक वाटतात आणि कार्यालयातून बसल्या जागी कुलूप घालतात. तिकडचं कायतरी उचलून कुणीतरी मशीनकडून मराठी करून घेतलंय. आमच्याकडं शाळा जिल्हा शोधत पोरं जिल्हा परिषदेत जायची.

एका जागी मात्र मेसेज चुकून बरोबर पडलाय: 'कधी कधी फाइल गेलेली नसते, लपलेली असते.' झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून आणला की आतल्या फोल्डरांचे शॉर्टकट होतात, डबल क्लिक केलं की व्हायरस चालतो, आणि खरे फोल्डर लपून बसतात. तिथं घाबरायचं कारण नसतं. शॉर्टकटला हात न लावता एखाद्या जाणत्याकडं द्या, दहा मिनिटांचं काम. पेन ड्राइव्हला लागू आहे हे. लॅबच्या कॉम्प्युटरला नाही.

तर भाच्याचा रंकाळा कुठं गेला? दुरुस्तीच्या पडद्यावरून मशीन नीट सुरू करून दिलं आणि सरांना सहज विचारलं, दिवाळीत लॅबमध्ये काही काम काढलं होतं का? सर म्हणाले, "हो की. सगळ्या हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्या. लई स्लो झालं होतं." भाचा माझ्याकडं बघतोय, मी सरांकडं. म्हणजे ज्या मशीनला हा पाच वेळा बटण दाबून मारत होता, त्यात त्याचा रंकाळा कधी नव्हताच. त्यानं सात काय, सातशे वेळा केलं असतं तरी नवीन कोऱ्या एसएसडीतून काय निघणार होतं?

"जुन्या डिस्क कुठायत?" सरांनी कपाट उघडलं. खाली वह्यांच्या खोक्यात बावीस हार्ड डिस्क, एकीवरही कुठल्या मशीनची ते लिहिलेलं नाही. सरांनी हेडसरांना विचारून परवानगी घेतली, मी दुकानातून यूएसबीला जोडायची केबल नेली, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर बसलो. एकेक डिस्क लावायची, डी ड्राइव्ह उघडायचा, वर्ल्ड्स फोल्डर बघायचा. एकीत पंचगंगेच्या प्रदूषणावरचा निम्मा प्रकल्प सापडला, एकीत आजारपणाच्या रजेचे एकाच तारखेचे चार अर्ज. दोन लागल्याच नाहीत, नुसत्या टकटक करतात, त्या बाजूला काढल्यात. सर चहा पाजून पाजून थकले.

अकरा झाल्या, अकरा राहिल्यात. पुढच्या शनिवारी पुन्हा बसायचंय. भाच्यानं वहीत राजघाटाच्या पायऱ्यांची आकडेमोड करून ठेवलीय, नाहीच सापडला तर म्हणून.