त्या जमाखर्चात माझी ओळ नव्हती

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सामाजिक संस्थेच्या वार्षिक अहवालाची मांडणी मी सलग दुसऱ्या वर्षी विनामूल्य करत होते. ४८ पानं. संस्थेचं काम चांगलं आहे, हे मी आजही म्हणेन. सचिवांचा फोन आला होता, "ताई, आपलंच काम आहे. तुमच्यासाठी काय, दोन संध्याकाळचं!" त्या दोन संध्याकाळींचे पाच आठवडे झाले. निम्मा मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत, निम्मा युनिकोडमध्ये, काही पानं तर मोबाइलवर काढलेल्या फोटोंच्या रूपात आली. अध्यक्षांचं मनोगत सात वेळा बदललं.

शेवटच्या रात्री फक्त मागच्या वर्षीच्या जमाखर्चाचं पान लावायचं राहिलं होतं. आकडे उजवीकडून एका रेषेत आणत होते. अहवाल छपाई. सभागृह भाडं. छायाचित्रण. ध्वनिव्यवस्था. शाल-श्रीफळ. चहापान. मी तो तक्ता वरून खाली दोनदा वाचला. मागच्या वर्षीचा अहवालही मीच केला होता, आणि त्या कामाची कुठेच नोंद नव्हती.

पैसे मिळाले नाहीत याचं दुःख नव्हतं, ते मी मागितलेच नव्हते. पण चहा देणाऱ्याचं काम जसं काम म्हणून मोजलं गेलं, तसं माझं देणगी म्हणूनही मोजलं गेलं नव्हतं. "अहवाल मांडणी : देणगीरूपाने" एवढी ओळ असती तर मी तिसऱ्या वर्षीही आनंदानं बसले असते. मी काही न बोलता पीडीएफ प्रेसला पाठवली. बोलायला हवं होतं.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट २०१९. मी पुण्यात, घरचे सगळे सांगलीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर खरी-खोटी माहिती नुसती वाहत होती. आम्ही चौघांनी ठरवलं की खात्री केलेली माहितीच चित्रात मांडून पाठवायची: पाण्याची पातळी, निवारा कुठे, कुठला रस्ता बंद. आकडा एवढा मोठा की चष्म्याशिवाय आजीला वाचता यावा. फाइल शंभर केबीच्या आत, कारण तिकडे नेटवर्क जेमतेम होतं. प्रत्येक चित्रावर तारीख आणि वेळ, म्हणजे शिळी माहिती फिरली तरी कळेल. एकदा एका निवाऱ्याचा फोन नंबर चुकला. पहाटे तीनला दुरुस्त चित्र पाठवून जुनं काढून टाका म्हणून प्रत्येक गटात सांगत बसलो. पाच रात्री झोप नव्हती. एक रुपया मिळाला नाही, आणि त्या कामाइतकं माझं दुसरं कुठलंच काम मला मोलाचं वाटत नाही.

दोन्ही कामं फुकट. मग एक आठवलं की आजही ऊर भरून येतो आणि दुसऱ्यानं घसा का दाटतो? आपल्या भाषेत याला दोन वेगळे शब्द आहेत. एक श्रमदान, दुसरा वेठ. संविधानाच्या कलम २३ च्या इंग्रजी पाठातही 'बेगार' हा आपल्याकडचाच शब्द आहे. वेठबिगारीत पिढ्यान्‌पिढ्या भरडलेल्या माणसांच्या यातनांशी मी माझ्या पाच आठवड्यांची तुलना मुळीच करत नाही. पण श्रमदानात किती द्यायचं आणि कुठे थांबायचं हे देणारा ठरवतो. वेठीत ते घेणारा ठरवतो. पुराच्या वेळी आम्ही ठरवलं होतं. अहवालाच्या वेळी "अजून एवढं एकच" हे समोरून येत राहिलं.

पुरातली ती चित्रं 'मुक्त' फॉन्टमध्ये केली होती. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या गटानं तो खुल्या परवान्याखाली दिला आहे. कुणीही वापरा, बदला, पण नुसता फॉन्ट विकायचा नाही, असं तो परवाना सांगतो. म्हणजे देतानाही अटी आहेत, आणि त्या लिहून दिल्या आहेत. त्यानं दान कमी होत नाही. आपण मात्र "फुकट करतोय, मग अटी कशा घालायच्या" म्हणून गप्प बसतो. कायदा मात्र लिहूनच मागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. आणि हक्क दिल्यावरही 'हे काम माझं आहे' असं सांगायचा अधिकार आपल्याकडेच राहतो.

धंदेवाल्यांबद्दल फार लिहीत नाही. "सॅम्पल म्हणून तीन लोगो पाठवा, आवडला तर बघू" याला माझं उत्तर 'नाही' एवढंच आहे. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींना "पोर्टफोलिओ होईल की तुझा" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पोर्टफोलिओ करायचाच तर गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची पाटी स्वतःहून नव्यानं मांडा, पण कुणाच्या नफ्यासाठी रात्र जाळू नका.

आणखी एक. ज्या संस्थेकडे मंडपाला, जाहिरातीला पैसे आहेत तिचं काम मी फुकट केलं, तर त्याच गावात कोरलड्रॉ सॉफ्टवेअरवर दिवसभर मान मोडून डिझाइन करणाऱ्या पोराच्या पोटावर पाय येतो. माझं दान त्याच्या खिशातून जायला नको. हे मला फार उशिरा कळलं.

आता विनामूल्य काम करायचं असेल तर मी बिल देते. पूर्ण रकमेचं, माझ्या नेहमीच्या दरानं. खाली 'देणगी' म्हणून तेवढीच रक्कम वजा, देय शून्य. दुरुस्त्या दोनदा. त्यांच्याकडून बोलणारी व्यक्ती एकच. नाव कुठे येणार ते आधी ठरलेलं. एका ठिकाणाहून "मग राहू द्या" असं उत्तर आलं, आणि राहिलं. दुसऱ्या संस्थेच्या खजिनदारकाकांनी बिल पाहून विचारलं, "एवढं असतं होय याचं?" आणि मागच्या वर्षीच्या कामाचंही बिल मागून घेतलं.

सध्या एका गावच्या वाचनालयाच्या पाट्या करतेय. बिल शून्याचं, त्यांच्या सहीसकट फाइलला लागलंय. शनिवारी कपाटांची मापं घ्यायला जाणार आहे.