‘कधी मैदानात उतरलात का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘द बेस्ट ऑफ टाइम्स’ या हॉलिवूडच्या विनोदी सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली काल एक प्रतिक्रिया आली. तिचं मुख्य वाक्य जसंच्या तसं देतो, म्हणजे मी सोयीचं उचललं असं कुणी म्हणायला नको : “चाळिशीतल्या माणसांनी शाळेतल्या एका सुटलेल्या पासवरून आयुष्यभर रडायचं हा निव्वळ बालिशपणा आहे आणि त्याचं एवढं कौतुक करणारा लेखक आयुष्यात कधी मैदानात उतरलेला दिसत नाही.” पुढे बायकांच्या पात्रांना काही कामच नाही, सिनेमा मध्येच रेंगाळतो, शेवट सोयीस्कर आहे वगैरे.

वाचकमहाशय, सिनेमा तुम्हाला आवडला नाही हे ठीकच आहे. पण तुम्ही सिनेमावर बोलता बोलता माझ्यावर आलात, आणि तेही आधी ‘नमस्कार सर, छान लिहिता’ असं म्हणून. असल्या नमस्काराची मला गरज नाही. सरळ शिवी परवडते, हे गोड बोलून चिमटा काढणं मला अजिबात आवडत नाही.

आता मैदानाचं. मी शाळेच्या कबड्डी टीममध्ये लेफ्ट कॉर्नर खेळायचो. जिल्ह्याची फायनल, शेवटची चढाई, समोरच्या पोराचा घोटा माझ्या दोन्ही हातांत पूर्ण आलेला होता आणि तो सुटला, त्याने लोळत जाऊन मधल्या रेषेला हात लावला आणि आम्ही एका गुणाने हरलो. मी त्यानंतर शिकलो, नोकरी केली, घर बांधलं, पण गावात गेलो की एसटी स्टँडवर अजून कुणीतरी ओळख करून देताना ‘हाच तो, ज्याची पकड सुटली’ असं म्हणतोच. माझ्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा विषय निघाला होता, सासरच्या माणसांसमोर, आणि मला घास गिळता येत नव्हता. तर हो, उतरलोय मी मैदानात. तुम्ही कुठे खेळलात ते तुम्ही लिहिलेलं नाही.

म्हणूनच तुमचा ‘बालिशपणा’ हा शब्द मला एवढा लागला. एक तर ती माणसं चाळिशीतली नाहीत. सिनेमातला शाळांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना 1972चा, सिनेमा आला 1986मध्ये, म्हणजे शाळा सुटून चौदा-एक वर्षं, तिशी नुकतीच ओलांडलेली पोरं आहेत ती. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, ज्याच्या हातून तो पास सुटला तो जॅक डंडी एकटाच तिथे अडकलेला नाहीये. त्याच्या हातून पास सुटला म्हणून त्याचं गाव टाफ्ट हरलं सुद्धा नाही हो, सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला! तरी लोक त्याला तेरा-चौदा वर्षं सोडत नाहीत कारण समोर बेकर्सफील्ड होतं, आणि बेकर्सफील्ड म्हणजे जिल्ह्याचं मोठं शहर, टाफ्ट म्हणजे कॅलिफोर्नियातल्या केर्न काउंटीचं तेलाच्या विहिरींवर जगणारं धुळकट छोटं गाव. त्यातून जॅक नोकरी करतो सासऱ्याच्या बँकेत आणि सासरा पक्का बेकर्सफील्डवाला, येता-जाता टोमणे. रोज ज्याच्यासमोर मान खाली घालायची तोच माणूस तुमचा पगार देतो, अशा घरात राहून बघा मग सांगा विसरणं किती सोपं असतं ते.

आणि गावाने तरी ते कुठे विसरलंय? जॅकने सामना परत खेळायचा म्हटल्यावर आधी कुणी तयार होत नाही, तुमच्यासारखंच सगळे म्हणतात की झालं गेलं सोडा. मग जॅक बेकर्सफील्डच्या टीमचं चिन्ह असलेल्या वाघाचा पोशाख घालून रात्री गावभर नारिंगी रंग फासतो, बेकर्सफील्डवाल्यांनी केलं असं वाटावं म्हणून, आणि सकाळी सगळं गाव पेटून उठतं. एका रात्रीत! मग बालिश कोण, जॅक एकटा की अख्खं टाफ्ट? माझ्या मते दोघंही नाहीत. इतकी वर्षं आत दाबून ठेवलेला अपमान आहे तो, आणि विनोदी सिनेमाने तो इतका खरा दाखवला याचंच मी लेखात कौतुक केलं होतं.

हे खोटं वाटत नाही त्याचं कारण लिहिणाऱ्यातच आहे. पटकथा रॉन शेल्टनची. हा माणूस बाल्टिमोर ओरिओल्स या टीमच्या खालच्या लीगमध्ये बेसबॉल खेळला, वरच्या मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. दोनच वर्षांनी, 1988मध्ये, त्याने ‘बुल डरहॅम’ केला, त्यातही तेच, वर न पोचलेला खेळाडू. आणि रीनो हायटावर हा जुना स्टार क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, जो आता गॅरेजमध्ये व्हॅन दुरुस्त करतो, ती भूमिका करणारा कर्ट रसेल स्वतः मायनर लीगमध्ये बेसबॉल खेळायचा, 1973मध्ये मैदानावर धडक झाली, खांदा गेला, खेळ संपला. परत खेळायचं नाव काढलं की रीनो जो टाळाटाळ करतो ना, ती परत बघा. माझ्या डोळ्यांत पाणी येतं तिथे. जॅक झालेल्या रॉबिन विल्यम्सची धडपड सगळ्यांना दिसते, रसेलचं ते गप्प राहणं तुमच्या नजरेतून सुटलं असणार, नाहीतर ‘रडणं’ हा शब्द तुम्ही वापरला नसता.

सिनेमा मध्ये रेंगाळतो हे मात्र मान्य. मसाज पार्लरवाल्या बाईचा भाग काढला असता तरी चाललं असतं, तिथे तुमचं बरोबर आहे.

बायकांच्या पात्रांबद्दल इथे वाद घालत बसत नाही. रीनोची बायको जीजी आणि जॅकची बायको एली त्या टीव्हीवरच्या ‘मंडे नाइट फुटबॉल’च्या रात्री नवऱ्यांना जेवायला बोलावतात तो प्रसंग बघूनसुद्धा ‘काही कामच नाही’ असं वाटत असेल तर मी काय सांगणार. शेवट सोयीस्कर आहे म्हणता, असेल. या वेळी पास जॅकच्या हातात बसतो आणि मला तो बसायलाच हवा होता, मी तो सीन उभं राहून बघितला. घोटा सुटलेल्या माणसाला तो शेवट सोयीस्कर वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, राहू दे तशीच. पुढे लिहायचं असेल तर सिनेमावर लिहा, मी उत्तर देईन. माझ्यावर लिहिलंत तर देणार नाही.