दारूभट्टीतली मिस्सा
जॉन हेन्री न्यूमन या इंग्लिश धर्मगुरू-विद्वानावरचा लेख आवडला, पण न्यूमन म्हटलं की सगळे ऑक्सफर्ड आणि ग्रंथांपाशीच थांबतात, इथेही तेच झालंय. १८४५ मध्ये इंग्लंडचं अँग्लिकन चर्च सोडून ते कॅथलिक झाले. मला त्यानंतरचे फादर जास्त भावतात. १८४९ मध्ये बर्मिंगहॅमच्या अल्सेस्टर स्ट्रीटवर एका जुन्या दारूभट्टीत (जिनची म्हणे!) त्यांनी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) सुरू केली. ऑक्सफर्डचा एवढा मोठा पंडित, आणि तिथे बसून कामगारांची पापनिवेदनं ऐकतोय. त्याच वर्षी जवळच्या बिल्स्टन गावात कॉलरा पसरला, तर तिथल्या धर्मगुरूंच्या मदतीला स्वतः गेले. आपल्याकडे धर्मांतर म्हटलं की फक्त वाद आठवतो. पुढची चाळीसेक वर्षं तो माणूस रोज काय करत होता, त्यावरही लिहा ना.